शॉर्टस्टॉप तीन मीटर मागे का उभी राहायची? एक प्रकरण अभ्यास

शाळा, मैदान आणि खेळाडूंची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. शालेय मुलींचा सॉफ्टबॉल संघ सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आणि क्रीडाशिक्षकांसाठी हे लिहिलं आहे. म्हणून निकालापेक्षा निर्णयांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका मराठी शाळेचा मुलींचा सॉफ्टबॉल संघ, १७ वर्षांखालील गट. सराव आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेसहा ते आठ, दादर-परळ पट्ट्यातल्या एका सार्वजनिक मैदानावर. मैदान क्रिकेटचं. क्रिकेटवाल्यांची नेट लागली की उरलेल्या कोपऱ्यात टेप आणि सुतळी धरून डायमंड, म्हणजे होम, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड या चार बेसचा चौकोन, आखायचा: बेस ते बेस १८.२९ मीटर, होम ते सेकंड २५.८६ मीटर, रेषांवर फक्की. जागा मिळेल तिथे, मिळेल त्या दिशेला. आखणीची ही दिशाच या प्रकरणात पुढे मोठी गोष्ट ठरली.

खेळाडू नववीतली, १४ वर्षांची. सातवीपर्यंत चाळीतल्या मुलांबरोबर टेनिस बॉल क्रिकेट खेळलेली, आठवीत सॉफ्टबॉलला आली. हात इतका ताकदवान की पहिल्याच हंगामात तिला शॉर्टस्टॉप मिळाला. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली ही जागा इनफिल्डमधली, म्हणजे बेसजवळच्या भागातली, सगळ्यात कामाची. उजव्या हाताच्या बॅटर ओढून मारतात तेव्हा बरेच ग्राउंडर (जमिनीवरून येणारे फटके) तिकडेच येतात, आणि थ्रो लांबचा असतो.

घरून पाठिंबा भरपूर होता. वडील जवळजवळ प्रत्येक सरावाला हजर, कडेला उभं राहून सूचना देणारे. दहावीला मिळणारे क्रीडागुण आणि जिल्ह्यानंतरच्या विभागीय स्पर्धा त्यांच्या डोक्यात होत्या. त्यात गैर काही नाही; पण मुलीच्या कानावर एकाच वेळी दोन प्रशिक्षकांचे आवाज पडत होते.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि संघात त्या वेगवेगळ्या मानल्या जात होत्या.

पहिली जागेची. ती खूप मागे उभी राहायची. पुढे आलेला चेंडू दुसऱ्या कुणाचा असला तरी त्यावर धावून जायची, आणि चेंडू दुसरीकडे गेला की जागच्या जागी उभी राहून बघत बसायची. होमवरून बघताना उजवीकडे फटका गेला तर सेकंड बेस मोकळा. लेफ्ट फील्डच्या वर उडालेल्या चेंडूखाली ही उलटी पळत जायची आणि दोघींची टक्कर व्हायची वेळ यायची.

दुसरी वागण्याची. फर्स्टवर रनर सेफ झाली की हात पसरून फर्स्ट बेसवालीकडे बघणं, पाय आपटणं, इनिंग संपल्यावर बाकावर कुणाशी न बोलणं. हंगामाच्या सुरुवातीच्या एका मैत्री सामन्यात चूक झाल्यावर तिने ग्लव्हज जमिनीवर आपटला. चेंडू तेव्हा चालू होता. सेकंडवरची रनर तेवढ्यात होमपर्यंत आली.

संघ पुढे होता म्हणून सरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, त्या दिवशी काही केलं नाही. हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो हातचा गेला. जिंकताना ग्लव्हज आपटलेला चालतो, हे त्या दिवशी तिच्यासकट सगळ्या मुली शिकल्या.

आधी मोजमाप

सरांच्या मदतीला शाळेची एक माजी खेळाडू होती. मुली तिला ताई म्हणत. रागावण्याआधी आठवडाभर नुसतं लिहून काढू, ही सूचना तिची. वहीत डायमंड काढून प्रत्येक चेंडूला चार गोष्टी टिपल्या: पिच (पिचरने बॅटरकडे टाकलेला चेंडू) सुटण्याआधी ती रेषेपासून किती पावलं मागे, पहिलं पाऊल कुठल्या दिशेला, चेंडू कोणाचा होता, आणि चेंडू तिच्याकडे नसेल तर ती कुठे गेली. सोबत मोबाइलवर व्हिडिओ आणि स्टॉपवॉच.

सेकंड-थर्डच्या रेषेपासून ती सरासरी साडेपाच मीटर मागे निघाली. या वयात, रनर नसताना, अडीच मीटर पुरेसे असतात. जादाच्या तीन मीटरची किंमत काय, ते सरांनी फळ्यावर मांडलं.

या गटातली बरी धावणारी मुलगी होमपासून फर्स्टला ३.६ सेकंदांत पोचते. मध्यम वेगाचा ग्राउंडर सेकंदाला १५ मीटर येतो, आणि हिचा थ्रो सेकंदाला १९ मीटर जातो. अडीच मीटर मागे उभं राहिलं तर चेंडू होमपासून साडेतेवीस मीटर येतो आणि फर्स्टला बावीस मीटर जातो. मिळून सुमारे २.७ सेकंद. चेंडू उचलून सोडायला उरतात ०.९. साडेपाच मीटर मागे ही दोन्ही अंतरं जवळजवळ तीन-तीन मीटरनी वाढतात, सगळे मिळून ३.०६ सेकंद जातात आणि हातात उरतो अर्धा सेकंद. चेंडू ग्लव्हजमध्ये आल्यापासून हातातून सुटेपर्यंत तिला ०.८ सेकंद लागत होते. थोडक्यात, तिथून साधा आउटही होणार नव्हता, हात कितीही ताकदवान असो. त्या एक तृतीयांश सेकंदात रनर दोन मीटर पुढे जाते, आणि फर्स्टवरचे बहुतेक निर्णय त्याहून कमी अंतरावर होतात.

म्हणजे तिला रोज वाटत होतं, मी चेंडू अडवते, जोरात फेकते, तरी रनर सेफ, म्हणजे फर्स्ट बेसवालीच ढिली. रागाची अर्धी मुळं उभं राहण्याच्या जागेत होती. जागा आणि वागणं ही दोन वेगळी प्रकरणं समजणं, ही या संघाची सगळ्यात महागात पडलेली समजूत.

नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या तक्रारीत तथ्य होतं. फर्स्ट बेसवाली थ्रो कुठे येतोय ते बघण्याआधीच पाय ताणून बसत होती, त्यामुळे बाजूला आलेला थ्रो तिला घेता येत नव्हता. बॅगजवळ दोन्ही पायांवर मोकळं उभं राहायचं, थ्रोची दिशा कळली की मगच ताणायचं, हे तिला कुणी नीट शिकवलंच नव्हतं.

क्रिकेटमधून आलेल्या सवयी

मुंबईत मुली बहुधा क्रिकेट बघत किंवा खेळत वाढतात. त्याचा फायदा मोठा आहे, पण तीन सवयी शॉर्टस्टॉपला नडतात. एक, बॉलरबरोबर पाच-सहा पावलं चालत येणं. बारा-तेरा मीटरवरून येणारा पिच अर्ध्या-पाऊण सेकंदात होमवर असतो; चालणारी फिल्डर फटक्याच्या क्षणी एका पायावर सापडते. इथे दोन छोटी पावलं आणि फटक्याच्या वेळी दोन्ही पाय जमिनीला लागतील अशी हलकी उडी, एवढंच हवं. दोन, गुडघा टेकून चेंडू अडवणं. चौकार वाचवायला ते ठीक, पण गुडघ्यावरून उठून फेकण्यात अर्धा सेकंद जातो. तीन, माझ्याकडे चेंडू नाही म्हणजे मला काम नाही, ही समजूत. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक फटक्याला नऊही जणी हलतात.

पण या तिन्हींतून ती एवढी मागे का जाते, ते कळत नव्हतं.

कारण कसं कळलं

सरांनी विचारलं तर उत्तर एकच: "जमतंय ना सर मला." मग ताईने एकटीला गाठलं. सराव संपल्यावर, वडील जवळ यायच्या आत, दोघी बेस उचलत असताना. का मागे उभी राहतेस, असं न विचारता तिने विचारलं, "चेंडू उडाला तर कुठे लागेल असं वाटतं गं तुला?" मुलीने हनुवटीला हात लावला.

मागच्या हंगामात एक ग्राउंडर अचानक उसळून तिला जबड्यावर लागला होता. दात वाचले, ओठ फुटला. दोन दिवसांत ती परत आली आणि सगळ्यांनी शाबासकी दिली, म्हणून नंतर कुणी विचारलं नाही. तेव्हापासून ती हळूहळू मागे सरकत गेली, कारण मागे चेंडू जास्त टप्पे घेतो आणि मऊ होऊन येतो.

ताईने मैदान पाहिलं. ज्या कोपऱ्यात डायमंड आखला जायचा, तिथे एका जुन्या क्रिकेट खेळपट्टीची कड शॉर्टस्टॉपच्या बरोबर पुढून जात होती. घट्ट माती संपून गवत सुरू होतं तिथे दीडेक इंचाची पायरी. त्या कडेला लागलेला चेंडू खरंच उसळत होता. भीती निराधार नव्हती.

पर्याय

सर, ताई आणि शाळेचे क्रीडाशिक्षक बसले तेव्हा चार गोष्टी समोर होत्या.

दोन सामने बाहेर बसवणं. शिस्तीचा संदेश जातो, पण भीती तशीच राहते आणि शिक्षा नेमकी कशाची हेही तिला कळत नाही. ग्लव्हज आपटल्यावर लगेच बाहेर काढलं असतं तर गोष्ट वेगळी. तीन आठवड्यांनी त्याला अर्थ उरला नव्हता.

लेफ्ट फील्डला पाठवणं. जागेचा प्रश्न सुटला असता आणि तिच्या हाताचा तिथेही उपयोग होता. हा पर्याय खरोखर चांगला होता आणि त्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. विरोधात दोन मुद्दे: शॉर्टस्टॉपला दुसरी तयार मुलगी नव्हती, आणि भीतीमुळे जागा काढली असं तिला वाटलं तर ती पुन्हा कधी ते बोलली नसती.

कर्णधार करणं. जबाबदारी दिली की पोरं सुधारतात, हे क्रीडाशिक्षकांचं म्हणणं. शाळांमध्ये हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा. आधीच दुसऱ्यांना बोलणाऱ्या मुलीला बोलायचा अधिकार देणं म्हणजे बाकीच्या आठ जणींवर अन्याय. तो बाजूला ठेवला.

चौथा, जागा तीच ठेवून मैदान, तंत्र आणि वागणूक तिन्ही एकदम हाताळणं. मुदत सहा आठवडे. जमलं नाही तर लेफ्ट फील्ड, आणि हे तिला आधीच सांगायचं. हा ठरला.

काय केलं

सगळ्यात आधी डायमंड फिरवला. होम दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, म्हणजे खेळपट्टीची कड सेंटर फील्डमध्ये गेली. तिथे ती तितकी धोक्याची नाही, कारण चेंडू येताना दिसतो. सरावाआधी दहा मिनिटं सगळ्या मुली एका ओळीत चालत इनफिल्डमधले खडे वेचायच्या. पावसाळ्यात हे जमत नाही. पाणी साचलं की सराव शाळेच्या हॉलमध्ये, टेनिस बॉलवर. आणि एका अर्थी ते पथ्यावरच पडलं.

हॉलमध्ये पहिले दोन आठवडे फक्त चेंडूजवळ जाण्याचं काम. दोन्ही गुडघे टेकून, तीन मीटरवरून ताई टेनिस बॉल तिच्यापुढे हातभर अंतरावर आपटायची. टप्पा पडताच ग्लव्हज पुढे नेऊन घ्यायचा. पंचवीस चेंडू, थोडी विश्रांती, पुन्हा पंचवीस. पाठीमागे घेतलेला चेंडू मोजायचा नाही. डोकं वळवलं तरी मोजायचा नाही, कारण मान फिरवली की चेंडू दिसत नाही आणि नेमका तेव्हाच लागतो. मग उभं राहून, सहा मीटरवरून हाताने फेकलेले. पाऊस उघडला की मैदानावर खरा चेंडू, आधी हाताने, मग हलक्या बॅटने, मग नेहमीच्या जोराने. एका पायरीवर वीसपैकी सोळा नीट आले की पुढची. वीसपैकी वीसचा हट्ट धरला की मुली दमतात आणि दमलेल्या हातांना लागतं.

दातांसाठी माउथगार्ड आणला. गरम पाण्यात मऊ करून दाताखाली दाबायचा साधा प्रकार, क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतो. तो तिने दुसऱ्या दिवसापासून न सांगता लावला. त्यावरून भीती किती होती ते कळावं.

जागेसाठी फक्कीच्या तीन खुणा केल्या. पहिली रेषेमागे अडीच मीटर, सेकंड बेसपासून सुमारे सात मीटर: रनर नसताना. दुसरी दीड मीटर पुढे आणि दोन पावलं सेकंडकडे: फर्स्टवर रनर आणि दोनपेक्षा कमी आउट असताना, म्हणजे डबल प्लेसाठी (एकाच चेंडूवर दोन आउट). तिसरी रेषेवरच: थर्डवर रनर असून रन अडवायचा असेल तेव्हा. प्रत्येक पिचआधी तिने मोठ्याने सांगायचं: आउट किती, रनर कुठे, थ्रो कुठे. खुणा चौथ्या आठवड्यात पुसल्या. सामन्यात खुणा नसतात, आणि पाऊलं मोजत बसणारी शॉर्टस्टॉप पिच बघत नाही.

चेंडू तिच्याकडे नसतानाची कामंही ठरवून दिली. उजवीकडे फटका, तर सेकंड बेस तिचा. डावीकडे, तर लेफ्ट फील्ड आणि बेस यांच्या मधे कटऑफ, म्हणजे आउटफिल्डचा थ्रो मधेच घ्यायला. फर्स्टवरच्या रनरने स्टील केली, म्हणजे फटक्याशिवायच पुढच्या बेसकडे धाव घेतली, तर सेकंडला तीच. फर्स्टवर रनर असताना बंट (बॅट नुसती धरून हलकेच ढकललेला चेंडू), तर सेकंड. सेकंडवर रनर असताना बंट, तर थर्ड. हवेत उडालेल्या चेंडूवर मागून पुढे येणाऱ्या आउटफिल्डरचा हक्क पहिला. तिने "माझा" म्हटलं की इनफिल्डरने बाजूला व्हायचं. हे सगळं चेंडूशिवाय, सर बोटाने दिशा दाखवतील तसं, रोज दहा मिनिटं. खो-खोच्या सरावाची सवय असलेल्या मुलींना ते लवकर जमलं.

आणि दोघींची जोडी. शॉर्टस्टॉप आणि फर्स्ट बेसवालीने रोज चाळीस थ्रो एकमेकींबरोबर करायचे, दहा मुद्दाम वाकडे. वाकडा थ्रो घेतला की श्रेय घेणारीचं.

वागण्याचा करार

करार तोंडी, चार वाक्यांचा. चूक कोणाचीही झाली तरी तुझं पुढचं वाक्य आउट आणि रनर सांगणारं असेल. मैदानात कोणाकडे हात करायचा नाही. काही सांगायचं असेल तर इनिंगनंतर सरांना. ग्लव्हज किंवा चेंडू आपटला तर ती इनिंग आणि पुढची बाहेर, धावफलक काहीही असो.

सॉफ्टबॉलमध्ये हे शक्य होतं, कारण सुरुवातीच्या संघातली खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, आपल्याच बॅटिंग क्रमांकावर. बाहेर काढणं म्हणजे सामना संपला असं होत नाही. पुष्कळ शालेय प्रशिक्षक हा नियम फक्त धावपटू बदलायला वापरतात.

वडिलांशी सर वेगळे बोलले. "तुम्ही येत जा, तिला बरं वाटतं. पण पिच चालू असताना तिला एकच आवाज ऐकू येऊ द्या." वडिलांना तीन मीटरचा हिशेब दाखवला, तो पटला. जबड्याचं मात्र मुलीला विचारल्याशिवाय सांगितलं नाही. तिने स्वतः नंतर सांगितलं.

कसोटीचा सामना

पाचव्या आठवड्यात सराव सामना. तिसऱ्या इनिंगमध्ये फर्स्ट बेसवालीच्या हातून थ्रो सुटला आणि हिने चेंडू जमिनीवर आपटला. सरांनी टाइम मागून तिला बाहेर घेतलं. बदली मुलगी आठवीतली; तिच्याकडून दोन चुका झाल्या, तीन रन गेले. वडील कडेवरून बोलले. सरांनी बदललं नाही.

बाहेर बसलेल्या मुलीला ताईने वही दिली: प्रत्येक पिचआधी बदली मुलगी कुठे उभी आहे ते टीप. पाचव्या इनिंगमध्ये ती परत गेली. सामना हरला.

लेखकाच्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात बरोबर निर्णय हा, आणि सोपा नव्हता. पण त्यात एक कमतरता राहिली. करार तिच्या एकटीशी होता, बाकीच्या मुलींना माहीत नव्हता. दोघी-तिघींना वाटलं सर तिच्यावर डूख धरतायत, तर एकीला वाटलं, हिलाच परत घेतात, आम्हाला घेतलं असतं का? नियम पहिल्या दिवसापासून सगळ्या संघाचा असता तर हे टळलं असतं.

निष्पत्ती

गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळमध्ये गर्दीमुळे सराव जवळजवळ बंदच होता, त्यामुळे सहा आठवड्यांचे आठ झाले. जिल्हा स्पर्धेपर्यंत ती रेषेमागे अडीच ते तीन मीटरवर उभी राहू लागली. चेंडू सोडायची वेळ ०.८ वरून फारशी हलली नाही. फरक पडला तो जागेने. फर्स्टवरचे साधे आउट होऊ लागले तसे हात पसरणं कमी झालं. बंद नाही. जिल्ह्यात संघ उपांत्यपूर्व फेरीत एका अनुभवी संघाकडून हरला. त्या सामन्यात तिची एक चूक झाली, चेंडू पायांमधून गेला. तिने ग्लव्हज धरून "एक आउट, सेकंडवर रनर, फर्स्ट" असं ओरडून सांगितलं. आवाज रडवेला होता, पण माहिती बरोबर होती.

विभागासाठी तिची निवड झाली नाही. वडील काही दिवस नाराज होते.

वेगळं काय करता आलं असतं

जबड्याला लागल्यावर परतलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात टेनिस बॉलवर आणायला हवं होतं. ओठ दोन दिवसांत भरतो, मान वळवण्याची सवय त्याच्या कितीतरी नंतर दिसते. चेंडू लागलेल्या प्रत्येक इनफिल्डरची उभी राहण्याची जागा पुढचे दोन-तीन आठवडे पावलांनी मोजावी. ती मागे सरकू लागली तर कारण बहुधा तेच असतं.

डायमंड आखण्याआधी मैदान चालून बघायला पाच मिनिटं लागतात. ती कुणी दिली नव्हती.

फर्स्ट बेसवालीची चूक नोंदींत दिसूनही तिच्यावरचं काम तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. तोवर दोघींमधलं अंतर वाढलं होतं. तक्रार करणारीचा सूर वाईट असला तरी तक्रार तपासून बघावी. इथे ती निम्मी खरी होती.

मोठ्या सामन्यासाठी दुसरी शॉर्टस्टॉप तयार नसणं ही तर हंगामाच्या नियोजनातलीच चूक. तिच्यामुळे एक चांगला पर्याय आधीच बाद झाला, आणि आठवीतल्या मुलीला तयारीशिवाय उभं राहावं लागलं. आता ती मुलगी आठवड्यातून दोन दिवस शॉर्टस्टॉपला सराव करते. मोठीचं एक काम अजून बाकी आहे: कॅचर पिचरकडे चेंडू परत फेकते तेव्हा पिचरच्या मागे बॅकअपला जाणं. तिथे ती अजूनही उभी राहून बघते. पुढच्या हंगामाच्या वहीत पहिली ओळ तीच आहे.